हट्ट न करणारी पोर

रंजीताने कारल्याची भाजी मुकाट्याने खाल्ली, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. ही माझी भाची, वय वर्षं आठ. कारलं दिसलं की ताट सरकवून घर डोक्यावर घेणारी. त्या दिवशी भाजी संपवून वर म्हणते, "आत्या, अजून वाढतं का?" मी खूश. अंगणवाडीत इतकी वर्षं लोकांच्या लेकरांना वळण लावतेय, म्हटलं, घरचंही एकदाचं वळणावर आलं.

माझा भाऊ राजपाल आणि त्याची बायको निता दरवर्षी दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. आमच्या आसेगावकडच्या वस्तीतून ट्रक भरून माणसं जातात. रंजी आजवर त्यांच्याबरोबर जायची आणि शाळेचं निम्मं वर्ष बुडवून यायची. यंदा मी भावाशी कडाकडा भांडले. म्हटलं, पोरगी माझ्याजवळ ठेव, नाहीतर माझ्या दारात येऊ नको. तो कबूल झाला. निताही झाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

त्याच आठवड्यात मी रंजीला मोबाइलवर एक सिनेमा लावून दिला. परदेशातला, पण हिंदीत बोलणारा. त्यात एक जोडपं घरी यंत्राचा मुलगा आणतं. दिसायला हुबेहूब माणसाचं लेकरू. पुढे त्यांना दूर खाणीवर काम लागतं, आणि ते त्याला एका म्हातारीकडे सोडून जातात. पोरगा रडत नाही, काही मागत नाही, सांगेल ते करतो. शेवटी आई परत येते, "तू किती गुणी आहेस" म्हणते आणि त्याला घेऊन जाते. मी तांदूळ निवडत बघत होते. शेवटाला डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. सिनेमा चांगला होता, आजही म्हणेन.

त्यानंतर रंजी बदलली. हाक मारली की हजर. वेणी घालताना ओरडणं नाही, अंघोळीला पळणं नाही. शेजारच्या रंगूबाई कौतुक करून थकल्या. एकटी निता तेवढी खूश नव्हती. एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "ताई, पोरीले काहीच नाई वाटून राह्यलं. मी चालली, तं एक डाव तरी रडाव ना तिनं."

"रडली असती तं तुह्याच्यानं जाणं झालं असतं का?" मी म्हटलं. "शहाणी झाली पोरगी." स्वतःवरच खूश होते ना मी.

जायच्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारापाशी ट्रक लागला. भांडी, शेगडी, ताडपत्री, कोयते, उन्हावर चालणारा दिवा, रंगूबाईंच्या घरची शेळीसुद्धा वर चढली. रंजी एकेक वस्तू उचलून बापाच्या हाती देत होती, न सांगता. सगळं चढलं. मग तिने कोपऱ्यात ठेवलेलं आपलं गाठोडं आणलं, ते बापाला दिलं आणि दोन्ही हात वर केले.

"आता मले घ्या."

राजपाल गोंधळला. "अव, तू आत्याजवळ रायतं ना?"

"मी रडली नाई, बाबा. जिद नाई केली. कारलं बी खाल्लं." तिचे हात अजून वरच होते. "त्या पोट्ट्याले त्याच्या मायनं नेलं ना मंग."

"कोणत्या पोट्ट्याले?"

"सिनेमातल्या. रोबोट होता तो. मी बी तशीच राह्यली."

तो सिनेमा मीच लावून दिला होता. मी वळणावर आणलेली पोर ती हीच.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. निता ट्रकातून खाली उतरली आणि मातीत पोरीसमोर बसली.

"रंजी, ट्रकात काय काय चढलं, पाय बरं."

"शेगडी. कोयते. दिवा."

"कामाचं तेच चढलं. मी न् तुहा बाप बी कामाचेच, म्हणून चाललो. मांगच्या साली तुले नेलं, तं तू उसाच्या फडात शेंड्यांचे वाढे बांधत होती, पाणी आणत होती. एक डाव रडली नाई. मुकादम म्हणे, पोरगी गुणाची हाय." निताने तिचा चेहरा ओंजळीत धरला. "तवा मशीनच केलती आमी तुही. आता नाई करत. मशीन नेतेत, बाई. लेकरू घरी ठेवतेत."

रंजीचे हात हळूहळू खाली आले. आणि मग त्या पोरीने जे भोकाड पसरलं! मातीत लोळली. आईचा पदर सोडेना. सोडवायला आलेल्या बापाच्या मनगटाला कडकडून चावली. "मी नाई रायत! मी नाई रायत आत्याजवळ!" ट्रकातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. निता रडत होती, पण आठवडाभर उतरलेला तिचा चेहरा आता तसा राहिला नव्हता. तिने पोरीच्या नाकातोंडावरची माती पुसली आणि ती ट्रकात चढली.

ट्रक शेलूबाजारच्या रस्त्याला लागेपर्यंत मी रंजीला कवटाळून उभी होते. तिने माझ्या नडगीवर लाथा घातल्या. मी घालू दिल्या.

संध्याकाळी निताचा फोन आला. मागे ट्रकाची घरघर चालू होती.

"ताई, काय करून राह्यली व ती?"

"ताट फेकलं," मी म्हटलं. "वांगं होतं, तं म्हणते वांगं नाई पायजे. मंग पिठलं केलं, तं म्हणते तुह्या हातचं नाई, मायच्या हातचं पायजे. दारात बसली फुगून."

"करू द्या ताई," निता म्हणाली. "लय जिद करू द्या तिले."