वाराच्या दिवशीची रिकामी खाडी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. माझी दोन्ही भिंगं अजून निर्मळ आहेत, गळ्यातला पट्टा तेवढा बदललाय. बघायचा मला कधी कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो माझ्यामागे डोळे लावून बसणाऱ्यांचा.

माझा जन्म जहाजासाठी झाला. दूरच्या दीपस्तंभाचा दिवा, वादळाआधी आभाळाच्या कडेला उमटणारी काळी रेघ, असलं बघायचं माझं काम. निजायचं मखमलीच्या पेटीत. कप्तान मला उचलण्याआधी हात पुसून घेई. पुढे जहाज म्हातारं झालं, तोडलं गेलं आणि त्याच्या पोटातल्या सामानासकट मी भिवंडीच्या एका भंगाराच्या गोदामात येऊन पडले. शेजारी फुटकी बेसिनं आणि खुर्च्यांचे सुटे पाय. नशिबाचे भोग कुणाला चुकलेत?

तिथून मला उचललं प्रभाकर सरांनी. सर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक, आणि चार निवृत्तांच्या निसर्ग मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला घरी नेऊन मऊ फडक्याने पुसलं, तेव्हा मला वाटलं, चला, पुन्हा एकदा जाणत्याच्या हाती पडले. वाटतं तसं माणसाला. दुर्बिणीलाही वाटतं.

वळ आणि पूर्णा ही गावं ओलांडली की गोदामांच्या भिंती संपतात आणि खाडी लागते. तिथला पट्टा मांडवखाडी सागरी उद्यान म्हणून राखून ठेवलेला आहे. राखीव कशासाठी, तर तिवरं, पाखरं आणि चिखलातले जीव सुखाने राहावेत म्हणून. आणि त्याच राखीव पाण्यात सहलीच्या होड्या फिरवायला परवाने देतात. एका हाताने कुंपण घालायचं, दुसऱ्या हाताने फाटक उघडायचं. असो.

तर उद्यानाच्या कार्यालयाला प्रश्न पडला, की वर्षाला सहलीच्या होड्या फिरतात तरी किती? सगळं वर्ष मोजत बसणार कोण? म्हणून आठवड्यातले तीन वार मोजायचं आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधायचा. होड्या कमी निघाल्या तर आणखी परवाने द्यायचे आणि नवा धक्का बांधायचा. मोजणीचं काम निसर्ग मंडळाकडे आलं, आणि वार कोणते धरायचे ते सरांवर सोडलं.

सरांनी सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले.

"उपासाला चित्त स्थिर असतं," ते माधवीताईंना म्हणाले. "डोळा चुकत नाही."

माधवीताई सरांच्या पत्नी. रोजचं स्तोत्र, रोजचा नेम, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय घोटभर चहा नाही. त्यांनी डब्यात वरीचे तांदूळ भरले.

आम्ही टेकाडावर जाऊन बसायचो. खाली खाडी कशी, धुतलेल्या ताटासारखी. एखादी होडी आली तर आली. सर मला डोळ्यांना लावत, होडी टिपत, मला मांडीवर ठेवत आणि राजगिऱ्याचा लाडू खात. जिने वादळं पाहिली, ती मी, एका लाडूच्या चुऱ्याखाली बसलेली.

टेकाडाच्या पायथ्याशी मंगळी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. वरच्या पाड्यावरची बाई, आडवा पदर खोचून गुडघाभर चिखलात उभी. तिचा नवरा वाघ्या पूर्णेच्या गोदामात हमाली करायचा. धक्का व्हायचा होता तो बरोबर तिच्याच चिखलावर. एकदा ती वर आली.

"बाबा, ती मानसं दोरी लावून मापून गेली. हितं धक्का बांधला तं मी चिंबोरी कुठं धरू?"

"आकडा काय तो बोलेल, मंगळी," सर म्हणाले.

"आकडा बोलतो? मंग त्याला सांग ना, माझ्या बाजूनं बोल." ती हसली. मग म्हणाली, "काठ बी ढासळतो हल्ली. बिळंच्या बिळं जातात. भरतीला काय झालंय, कळत न्हाय."

सरांनी भरतीवर तिला छोटंसं व्याख्यान दिलं. चंद्र, सूर्य, सगळं आलं त्यात. तिने ऐकून घेतलं आणि खाली गेली.

आता मित्रांनो, शहाणपणाचा हा सगळा बाजार नीट बघा. मंगळी सोमवारी, गुरुवारी, शनिवारी चिंबोऱ्या धरायची, कारण बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी ती भिवंडीच्या बाजारात विकायला बसायची. वाराच्या दिवशी चिंबोरीला गिऱ्हाईक कुठलं? तिचं रविवारचं ठरलेलं गिऱ्हाईक कोण? आमचे प्रभाकर सर. रविवारी पिशवीभर चिंबोऱ्या घरी आणायच्या, रश्शाला बोटं चाटायची आणि दिवे लागेपर्यंत घोरायचं. माधवीताई स्वतः खात नाहीत, पण रांधून वाढतात. ज्याला आपल्या ताटाचे वार पाठ, त्याला एकदाही वाटू नये, की होडीत बसणाऱ्यांनाही ताट असतं? त्यांना काय पाखरं बघायची असतात? होडीत बसून मटण खायला आणि बाटली उघडायला येतात ते. आणि तेही देवाला भितात. वार पाळतात.

हे मला तरी कुठे ठाऊक होतं? कळलं ते अशा रीतीने.

सरांचा मुलगा अनिमेष वळच्या एका गोदामाच्या ऑफिसात आहे. एका बुधवारी त्याने मला कुणाला न विचारता बॅगेत टाकलं. ऑफिसची पार्टी होती, होडीवर. मी आधी आवाज ऐकला, मग वास घेतला, आणि मग बघितलं. पुढे होडी, मागे होडी, दोन्ही अंगांना होड्या. प्रत्येकीवर वेगळं गाणं. पाखरांना शेवगाठ्या फेकणारे, हाडं पाण्यात टाकणारे, आणि "बगळा, बगळा" म्हणून तिवरातल्या प्लास्टिकच्या पिशवीचे फोटो काढणारे. रश्शाने बरबटलेले हात मला धरत होते. एकाने मला उलटं डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "अरे, सगळं लांब दिसतंय, खराब आहे ही." कप्ताना, कुठे असशील तिथे कान बंद कर.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सर पूजा करून निघाले, मला उचललं आणि डोळ्यांपर्यंत नेलं. थबकले. हुंगलं.

"माधवी, हिला मटणाचा वास येतोय."

माधवीताई केळ्याचे काप करत होत्या. अनिमेष बुटांचे बंद बांधत होता, त्याचे हात थांबले.

"बाबा, काल ऑफिसची पार्टी होती. बोटीवर. तुमची दुर्बीण जरा..."

"आपल्या खाडीत? तिथे बोट असते कुठे?"

"काय सांगता बाबा? नंबर लागायला ताटकळलो आम्ही. आणि ही तर बुधवारची गर्दी. रविवारी तर म्हणे पाणी दिसत नाही. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणजे सगळी भिवंडीच तिथे."

सर खाली बसले. कार्यालयात सोमवारी आकडा द्यायचा होता. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. पण सर उठले ते सबब घेऊन.

"पद्धत एकदा ठरली की मध्येच बदलत नाहीत," ते म्हणाले. "सुट्टीचे वार धरले तर आकडा फुगतो."

"फुगत नाही," माधवीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज समईच्या वातीएवढा. "आहे तेवढा होतो."

"मंडळाची अब्रू जाईल, माधवी. इतके दिवस काय मोजलं म्हणतील."

"आणि मंगळीचा चिखल गेला तर? तिच्याकडून चिंबोऱ्या आणता तुम्ही." त्यांनी केळ्याचे काप देवापुढे ठेवले आणि हात जोडले. "उद्या शुक्रवार आहे. उद्या खाडीवर जाऊन या. तुम्ही बघून येईस्तोवर मी आजचा उपास सोडणार नाही. देवाला सांगितलंय तसं."

"वेडी आहेस का?"

"सांगून झालंय," त्या म्हणाल्या आणि पोथी उघडली.

त्या दिवशी संध्याकाळी घरात कुकरची शिट्टी झाली, ताटं मांडली गेली. माधवीताईंनी दोघांना वाढलं आणि पाणी पिऊन उठल्या. सरांना वरणभात गिळवेना. अनिमेष म्हणाला, "बाबा, जा ना. नाहीतर मी जातो." सरांनी मला पहिल्यांदाच साबणाच्या पाण्याने पुसलं. एवढं तरी कळलं म्हणायचं.

शुक्रवारी आम्ही टेकाडावर गेलो. सरांना मनातून खाडी रिकामी हवी होती, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. त्यांनी मला डोळ्यांना लावलं, आणि खाली घेतलंच नाही.

लूमवरची पोरं नवे शर्ट घालून होड्यांत उभी होती. होड्या एकमेकींच्या कडेला घासत वळत होत्या, जोरात पळत होत्या, आणि प्रत्येकीमागून लाट येत होती. लाट काठावर आपटायची. काठ आतून भिजायचा, मग ढेकूळ सुटायचं, आणि त्याच्याबरोबर बिळं जायची. मंगळी तेव्हा बाजारात बसली होती, म्हणून तिने हे कधी पाहिलं नव्हतं. चंद्रसूर्याला फुकट बोल लागला होता.

सरांनी खिशातून फोन काढला.

"माधवी, जेवून घे."

"किती दिसल्या?"

"आधी जेव."

"आधी सांगा."

"मोजून होत नाहीत गं," सर म्हणाले. "तू जेव."

रविवारीही आम्ही गेलो. चिंबोऱ्या नाहीत, झोप नाही. सोमवारी सरांनी कार्यालयात शुक्रवारचे आणि रविवारचेही आकडे दिले, आधीचे तीन वार चुकीचे निवडले हेही आपल्या तोंडाने सांगितलं. तिथला साहेब हळहळला. "आधीचा आकडा किती शांत होता, सर." पण धक्क्याचं काम थांबलं. फेरपाहणी करायचं ठरलं. ती कोणत्या वारी? तर कार्यालय उघडं असेल त्या वारी. रविवारी साहेबांना सुट्टी असते ना. एवढ्या मोठ्या डोक्यांत एवढी छोटी गोष्ट शिरत नाही, आणि मला मात्र म्हणतात, ही उलटी धरली की सगळं लांब दिसतं.

म्हणून आता जुन्या वारांबरोबर दर शुक्रवारी आणि रविवारीही आम्हीच जातो. कुणी सांगितलेलं नाही. भाकरी आणि झुणका बांधून देतात माधवीताई. मंगळीला मात्र हे पसंत नाही. शनिवारी चिखलातूनच ओरडली, "बाबा, तू रविवारी हितं बसतोस, तं माझी चिंबोरी कोन घेल? मोठाल्या राखून ठेवल्या व्हत्या. वाया गेल्या."

"बुधवारी घेतो, मंगळी."

"बुधवारी होड्या नसतात?"

आता बुधवारीही यावं लागणार, हे सरांच्या तोंडावर दिसत होतं. मंगळी चिखलात हात घालून हसत राहिली.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला दमट कपाटात ठेवू नका, हे तर सांगेनच, कारण बुरशी वाईट. पण नुसतं पुसून मला देव्हाऱ्यातल्यासारखं मांडून ठेवणार असाल, आणि न्याल ते खाडी रिकामी असेल त्याच दिवशी, तर मला पुन्हा त्या भंगारातच टाका. तिथली फुटकी बेसिनं निदान आपण खाडी मोजली असं म्हणत नव्हती.