आधी तुझा बेस

दुसरा बेस सांभाळणाऱ्या लोर्नाने हातमोजा तोंडाशी धरला आणि मार्सीला जवळ ओढलं.

"चेंडू तुझ्याकडे आला तर आधी तुझ्या बेसवर पाय ठेव. मग मला फेक."

मार्सी पहिला बेस याच उन्हाळ्यात सांभाळू लागली होती, पण बावळट नव्हती. "अगं, उलट कर ना. आधी तुला देते. तू नुसता पाय ठेवलास की जोलीन बाद, मग मला परत फेक, इकडे फलंदाज बाद, डाव खलास. तिसऱ्या बेसवरची तेवढ्यात घरच्या बेसवर पोचली तरी तिची धाव धरणार नाहीत."

"सांगितलं तेवढं कर."

मार्सी मान हलवत आपल्या जागी गेली.

काउंटीच्या जत्रेतला सॉफ्टबॉलचा शेवटचा सामना, शेवटचा डाव, दोन्ही गावं बरोबरीत. एक बाद; तीन झाल्या की डाव संपणार. तिसऱ्या बेसवर पलीकडच्या गावची एक चपळ पोरगी, ती घरी पोचली की सामना त्यांचा; पहिल्यावर जोलीन स्टोलमन. लोर्नाला फक्त जोलीन दिसत होती.

सोळा वर्षांपूर्वी याच मैदानावर जोलीन बुटांचे खिळे वर करून घसरत आली होती. बेसवर नाही, लोर्नाच्या गुडघ्यावर. पंच म्हणाला, खेळात चालतं. जोलीनच्या आईने बटाटे-चीज भाजून फॉइलखाली झाकून पाठवलं. जोलीन आली नाही. ज्या कॉलेजने लोर्नाला खेळासाठी बोलावलं होतं, त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे पाहून दुसरी मुलगी घेतली.

मागून फलंदाज येत असते तोवर पहिल्या बेसवरचीला पुढे पळावंच लागतं. दुसऱ्या बेसवर चेंडू घेऊन पाय ठेवला की ती बाद. तिला बोटही लावायचं काम नाही. पण फलंदाज आधी बाद झाली की ती सक्ती सुटते. मग चेंडू अंगालाच लावावा लागतो. जरा जोरात लागलाच, तर खेळात चालतं.

फटका बसला. चेंडू जमिनीलगत सरपटत थेट मार्सीकडे. तिने बेसवर पाय आपटला आणि फेकला.

चेंडू हातात आला तेव्हा जोलीन अर्ध्या वाटेवर होती. लोर्ना बेस सोडून तिच्यावर चालून गेली. जोलीन घसरली नाही. थांबली. तिने मागे वळून मार्सीचा पाय पाहिला, मग लोर्नाचा चेहरा, आणि उलटी फिरली.

"ये की गं! का गुडघा कुरकुरतोय?"

लोर्ना धावली.

"घरी फेक!" घरच्या बेसवरून बेव्ह ओरडत होती. "लोर्ना, घरी!"

"मला दे, मला!" मार्सीने दोन्ही हात पसरले.

लोर्नाने कुणालाच दिला नाही. समोर जोलीनची पाठ होती. चार हात, तीन हात. जोलीन जिवाच्या आकांताने पळतच नव्हती. मान वळवून बघायची आणि अंतर राखण्यापुरते पाय उचलायची. लोर्नाने चेंडू हातमोज्यातून काढून उघड्या पंजात घट्ट धरला.

पलीकडच्या बाकावरून एकदम आरोळी उठली.

जोलीन थांबली. वळली. धापा टाकत तिने हेल्मेट काढलं आणि घामाने चिकटलेले केस मागे सारले.

"पोचली ती घरी," ती म्हणाली. "संपला सामना."

लोर्नाचा हात वर होता. जोलीन हलली नाही.

"मार ना. मघाशी तो खेळ होता, आता नुसतं मारणं होईल. पण मार." ती हसत नव्हती. "तू घराकडे बघणार नाहीस, माझ्याच मागे येशील, हे मला मार्सीचा पाय पाहिला तेव्हाच कळलं."

"पुढच्या उन्हाळ्यात बघते तुला."

"पुढच्या उन्हाळ्यात मी नाही, लोर्ना. माझा हा शेवटचा सामना."

ती गेली. तिच्या गावच्या बायकांनी तिला अर्ध्या वाटेत उचललं. बेव्ह तोंडाची जाळी काढून निघून गेली. दोन बेसांच्या मधोमध लोर्ना तशीच उभी होती.

पंच चेंडू मागायला आला. बोटं सोडवायला तिला वेळ लागला.