गुणाबाईच्या नावानं

“दिपाली, माज्या नावानं खातं उघडून दे गं,” नागोजीनं मोबाईल पुढं केला. “जुनं व्हतं ते गुणाबाईच्या नावानं व्हतं.”

गुणाबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. शेजारची दिपाली कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची; तिच्यापुढं या मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं सांगावंच लागलं.

लेकीनं, रूपालीनं, आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा त्यानं निपाणीच्या घराचं दार लावलं ते लावलंच. आईच्या मातीलाही लेक लांबच उभी राहिली. पुढं कळलं, ती बेंगळुरूहून एका साइटवर लिहिते. ती साइट कुणा एका मालकाची नव्हे. लोकांनी आपापली चालवलेली लहान लहान घरंच म्हणा, या घरातून त्या घरातल्याला फॉलो करता येतं, पण त्यानं होय म्हटलं तरच. स्वतःच्या नावानं विनंती पाठवायला मन धजेना. यानं रूपालीच्याच घरात खातं उघडलं आणि बायकोचं नाव टाकलं. तीस वर्षांच्या संसारात ‘अगं ए’च्या पुढं न गेलेल्या माणसानं ते नाव पहिल्यांदा घेतलं, तेही अंगठ्यानं.

मंजुरी आली. मग रूपाली लिहायला लागली. आई, आज आंबील केलती, तुज्यासारखी न्हाय झाली. आई, पोट दिसाय लागलंय. आई, नववा लागला. हा बाबा उघडलेल्या मोटरीवर मान घालून वाचायचा आणि रडायचा. आईच्या नावामागं आप्पाच आहेत हे तिनं ओळखलंय, हे त्याला कळत होतं, पण उलट एक अक्षर टाकलं नाही. ताठा, दुसरं काय!

मग ते घर बंद होणार असल्याची सूचना आली. रूपालीनं नवा पत्ता दिला आणि शेवटचं लिहिलं, “नव्या घरात आईच्या नावानं नको. आप्पांनी आप्पांच्या नावानं यावं.”

नागोजीनं पंचवीस दिवस घालवले. कालच ते घर बंद झालं.

“जुनं लिवलेलं?” त्यानं विचारलं.

“गेलं, काका. आन् तिच्या नव्या घरात आता नवं खातं मिळत न्हाय. दुसऱ्या घरातनं तुमी फॉलो केल्यापासनंच पुढचं दिसणार. मधलं न्हाय.”

दिपालीनं दुसऱ्याच एका घरात ‘नागोजी’ या नावानं खातं काढलं, विनंती पाठवली. चहा व्हायच्या आत मंजुरी आली. पान कोरं होतं.

आठवडा गेला तरी कोरंच राहिलं. नागोजीला उमगलं, ती आईशी बोलत होती. या बापाशी ती कधी काय बोलली होती, म्हणून आता बोलेल? बाळंतपण त्या पंचवीस दिवसांतच झालं असणार. ते तिनं लिहिलंही असेल. मुलगा का मुलगी, कुणाला विचारायचं?

दुपारी त्यानं रॉकेलनं हात धुतले आणि खाटेवर बसून टाइप केलं, नातू. पुसलं. नात लिहिलं, तेही पुसलं. शेवटी ‘रूपाली’ एवढंच लिहून पाठवून दिलं, आणि मोबाईल खिशात घालून समोरच्या मोटरीचं झाकण खोलायला घेतलं.