विटांची पालखी

कोणी हात धरून चालवलेलं अनुसयाबाईला मुळीच खपत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोर उभा माणूस बाई की बुवा तेही कळेना. पण सून रुख्मिणीनं मनगट धरलं की म्हातारी ते हिसडून सोडवायची. दोघी गोरेगावच्या बाजाराला निघाल्या की धानाच्या बांधावर हेच भांडण. रुख्मिणी बिचारी पुण्य जोडायला जायची आणि पदरात शिव्या पडायच्या.

"मंग कसं नेऊ माय तुमाले? पाठीवर घेऊ?" ती वैतागून विचारायची.

"तुले तोंड नाही का?" म्हातारी म्हणायची.

सुनेला या बोलण्याचा अर्थ लागत नसे, आणि लागणार तरी कसा? तिनं विटा पाहिल्या त्या बैलगाडीत रचलेल्या. पालखीत बसलेल्या विटा तिच्या पिढीनं पाहिल्याच नाहीत.

गोंदियाहून बालाघाटकडे छोट्या गाडीची लाइन टाकायला घेतली तेव्हाची ही गोष्ट. लाइन म्हटली की पूल आले, स्टेशनं आली, बाबूंची घरं आली आणि या सगळ्यांना विटा लागतात. पांगोली नदीच्या काठी एका ठेकेदारानं भट्टा लावला होता. धान कापून झालं की गावोगावची माणसं तिथं झोपड्या घालून राहायची, ती पार मृग लागेपर्यंत. अनुसयाचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. नवरा उदाराम विटा थापायचा, आणि ती वाळलेल्या विटा मैदानातून भट्ट्यापर्यंत वाहायची.

कच्ची वीट उन्हात कितीही वाळली तरी कच्चीच. जरा आपटली की कोपरा गेला, आणि कोपरा गेला की मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू. म्हणून त्या भट्ट्यावर डोईवरच्या पाट्या नव्हत्या. दोन लांब बांबू, त्यांना आडव्या ठोकलेल्या फळ्या, फळ्यांवर जाड तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि तणशीवर विटांची रास. बांबूच्या टोकांना बांधलेली दोरी मानेवरून घ्यायची, हातांनी टोकं धरायची. एक बाई पुढं, एक मागं. या साधनाला सगळे पालखी म्हणत. मातीच्या विटांचे केवढे लाड! त्या वाहणाऱ्या बाया मात्र अनवाणीच असायच्या.

पालखीचा एक नियम होता. मागच्या बाईला समोर विटांची रास सोडून काही दिसत नाही. पायाखाली खड्डा आहे की दगड, तिला कळायला मार्ग नाही. म्हणून पुढचीनं सारखं बोलत राहायचं. "खड्डा." "चढ आला." "डावं घे, वल्लं आहे." मैदानभर पालख्या फिरत आणि त्यांच्यासोबत हे आवाज फिरत. ज्या जोडीचं आपसात पटत नसे, त्यांच्या विटा हमखास फुटत.

अनुसयाची जोडीदारीण दुर्पता. वयानं दहाएक वर्षांनी मोठी, विधवा, हाडापेरानं मजबूत. पहिल्या सालात पुढं दुर्पता असायची. दुसऱ्या सालात भट्टा सुरू झाला त्याच दिवशी ती मागच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "तू हो पुढं. मले कंटाळा आला वाट पाहू पाहू," म्हणाली. अनुसयाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पुढं व्हायला मिळालं म्हणून ती जरा मिरवलीच.

फाल्गुनात एकदा भरली पालखी घेऊन दोघी बांधाच्या कडेनं येत होत्या. मागून दुर्पता म्हणाली, "अनसू, यंदा पळस उशिरा आहे का वो?"

अनुसया थबकली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळस पेटल्यासारखा फुलला होता. लांबून येणाऱ्या बैलालाही दिसावा असा. तिनं पालखी खाली टेकवायला लावली, मागं वळून आली आणि दुर्पताच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बुबुळांवर दुधाची साय धरली होती.

"कधीपासून?"

"मागल्या सालापासून धुंदलं होतं. आता उजेड आन् सावली, बस," दुर्पता म्हणाली. "कोनाले सांगू नको, अनसू. मुकादमाले समजलं तं मले दिराच्या दारात जा लागते. तिथं भाकरीआधी बोलनं वाढतात."

अनुसयाचा जीव गलबलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ रोज सगळ्यांच्या देखत उघडीच हिंडत होती आणि तरी कोणाला दिसत नव्हती. दिसणार कशी? पालखीच्या मागं डोळस बाईही आंधळीच असते. दुर्पतानं लपायला जागा मोठी अक्कलेनं निवडली होती.

"आन् एक," पालखी उचलता उचलता दुर्पता म्हणाली, "नुसते खड्डे नको सांगत जाऊ. खड्डे तं पायालेही समजतात. बाकीचं सांगत जा."

त्या दिवसापासून अनुसयाचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. "डावं घे. धानाच्या बांधीत बगळे उतरले. खड्डा. मोहाखाली कोनाची तरी बकरी सुटली, फुलं खाऊन राहिली. आता चढ. मुकादमानं नवा फेटा बांधला, टरबुजावानी दिसते." मागून दुर्पता हसायची आणि बांबू थरथरायचे. उदाराम रात्री चिडवायचा, "माझ्याशी चार शब्द नाही बोलत, आन् त्या सवतीपाशी दिवसभर पोपट." अनुसया म्हणायची, तुम्ही मागून बांबू धरा, मग तुमच्याशीही बोलते. ते दिवस तिला पुढं जन्मभर पुरले.

मग ठेला आला. ठेकेदारानं कुठून तरी लोखंडी रूळ आणले, त्यांचे तुकडे मैदानातून भट्ट्यापर्यंत जोडले आणि वर चार चाकांचे ठेले ठेवले. एक ठेला म्हणजे कितीतरी पालख्यांचा माल, आणि ढकलायला एक बाई पुरे. मुकादम भैयालाल रुळांकडे असा पाहायचा, जसा नवरदेव वरातीच्या घोड्याकडे. पालख्या त्यानं सरपणाच्या छपरात टाकायला लावल्या.

अनुसयाला वाटलं, आता दुर्पता उघडी पडणार. ती भीतभीतच पहिल्या ठेल्यासोबत दोन पावलं चालली, पण मुकादमानं तिला हटकलं. "जोडी-बिडी खतम. ये ठेला है, पालखी नहीं. तू भट्ट्यावर विटा रचायला जा."

आणि नवल असं, की दुर्पताचं काहीच बिघडलं नाही. रुळांना डोळे लागत नाहीत. ठेला आपल्या वाटेनं जातो; मागच्या बाईनं फक्त ढकलायचं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसे दोन रूळ तिला मिळाले होते. ती ताठ मानेनं ठेला नेऊ लागली, आणि मुकादम तिचंच उदाहरण इतर बायांना देऊ लागला.

अनुसयाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा दिवस. मग तिला राग आला, आणि कोणावर आला हे तिला कळेना. भट्ट्याच्या माथ्यावर उभं राहून ती विटा रचायची, हात चांगला बसला होता, तिथं कामाला मानही होता. पण तोंड मिटलेलं. सांगायला इतकं दिसायचं आणि ऐकायला कोणी नाही. खाली दुर्पता रुळावरून मुकाट ये-जा करायची. लोखंडानं तिला वाट दिली होती, पण लोखंड काही बगळे उतरले म्हणून सांगत नाही.

ठेल्यानं साध्या विटा बऱ्या यायच्या. पुलाच्या कमानीच्या विटा मात्र एका बाजूला निमुळत्या. त्या एकमेकींना घट्ट बसत नसत. रुळाच्या प्रत्येक जोडावर धक्का बसायचा आणि भट्ट्यापर्यंत निम्म्यांचे कोपरे उडालेले असायचे. लाइनीचा साहेब त्या परत पाठवायचा आणि भैयालाल कपाळावर हात मारून घ्यायचा.

एका दुपारी भाकऱ्या खाऊन माणसं सावलीला आडवी झाली असताना भैयालालनं रूळ हलवायला घेतले. जुन्या वाटेजवळच्या विटा संपल्या होत्या, नवी वाट डावीकडून न्यायची होती. मातीच्या मोठ्या खड्ड्याच्या कडेचा रुळाचा तुकडा गड्यांनी उपसला आणि ते नवा तुकडा आणायला गेले. डोळे असणाऱ्याला ते लांबूनच दिसत होतं. पुन्हा काम सुरू झालं तशी दुर्पता मोहाखालून उठली, नेहमीच्या जागी भरून ठेवलेला ठेला चाचपला आणि ढकलायला लागली.

पुढं उतार होता. ठेल्यानं वेग घेतला. खालून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, पुढं पाह!" मग दहा तोंडं एकदम ओरडायला लागली. पाह, पाह! समोर पाह! त्या गलक्यात दुर्पता बावरली. काय पाहायचं आणि कशानं पाहायचं? ठेला सोडण्याऐवजी तिनं तो आणखी घट्ट धरला.

भट्ट्याच्या माथ्यावरून अनुसयानं हे पाहिलं. भैयालाल तिच्यापासून हाकेवर उभा होता. आपण पालखीची हाक दिली तर मूठ उघडते, नाही दिली तर ही ठेल्यासकट खड्ड्यात जाते. इकडे आड, तिकडे विहीर. विचार करायला वेळच नव्हता.

"दुर्पताबाई!" ती ओरडली. "हात सोड. डावं घे. अजून डावं. लांब पाऊल टाक. आता थांब."

दहा तोंडांच्या गलक्यात दुर्पताला तो एकच आवाज ऐकू आला. हात सुटले, पाय डावीकडे गेले, एक लांब पाऊल पडलं आणि ती उभी राहिली. ठेला तिच्या उजव्या अंगानं जाऊन विटांसकट खड्ड्यात कोसळला.

भैयालाल धापा टाकत आला. आधी त्यानं खड्ड्यात पाहिलं, मग दुर्पताकडे. "सब चिल्ला रहे थे, सामने देख, सामने देख. हिनं पाहिलं काऊन नाही?" त्यानं दुर्पताच्या तोंडासमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"अंधी है," तो म्हणाला. आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. "मेरे भट्टे पर अंधी बाई. उद्यापासून येऊ नको, बाई."

"मंग मीही नाही येत," अनुसया म्हणाली. ती माथ्यावरून कधी उतरली हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. उदारामनं हातातला साचा खाली ठेवला आणि आभाळाकडे पाहिलं.

"तो जाओ," भैयालाल म्हणाला.

अनुसया गेली, पण झोपडीकडे नाही. सरपणाच्या छपरातून तिनं पालखी ओढून काढली, नवी तणीस पसरली आणि कमानीच्या विटा एकेक करून तिच्यावर लावल्या. मग दुर्पताचे हात बांबूवर ठेवले. सगळा भट्टा पाहत राहिला.

"उचल," अनुसया म्हणाली. "उजवं घे, इथं खाली ठेला पडून आहे. खड्ड्याच्या कडेनं चाललो आपन, पाय लहान टाक. समोर मुकादम उभा आहे. त्याचा फेटा सुटला." आता झाकायचं काही उरलं नव्हतं. ती मोकळ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती, आणि मागून दुर्पता रडत रडत हसत होती.

भट्ट्यापाशी पालखी टेकली. भैयालाल वाकला. एक वीट उचलून त्यानं चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, ठेवली, दुसरी उचलली. तिसरीही पाहून तो म्हणाला, "कमानीचा माल तुमी दोघी आना. लेकिन ये गिरी, तो मेरा नाम मत लेना."

लाइन पुरी होईस्तोवर कमानीच्या विटा त्याच पालखीतून गेल्या. पुढं भट्टा विझला तेव्हा दुर्पता दिराच्या दारात गेलीच नाही. अनुसयानं तिला आपल्या गावी नेलं. ही तुमची कोण लागते, असं कोणी विचारलं की ती सांगायची, "माझ्या पालखीची." दुर्पता त्या घराच्या ओसरीवर बरीच वर्षं बसून होती, आणि मेली तेव्हाही अनुसया तिला आभाळात ढग कुठवर आलेत ते सांगत होती. पालखीचा एक बांबू अजून छपराला आहे.

यंदा फाल्गुनात सासू-सुना बाजाराला निघाल्या तेव्हा रुख्मिणीच्या डोक्यावर लाखोरीच्या डाळीचं टोपलं होतं आणि कडेवर पोर. एक हात टोपल्याला, एक पोराला. बांध सुरू झाला तशी ती थांबली.

"माय, आज हात नाही धरू शकत. परतून जाऊ का?"

"परतून कायले? तू पुढं हो. बोलत चाल."

रुख्मिणी पुढं झाली. "खड्डा आहे," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दगड."

"बाकीचं?" मागून आवाज आला.

"बाकीचं काय, माय?"

"खड्डे तं पायालेही समजतात. बाकीचं सांग."

रुख्मिणीनं मान वर केली. रोजचाच बांध, त्यात सांगण्यासारखं काय असतं? तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "बांधीत बगळे आहेत," ती चाचरत म्हणाली. "आन् पळस फुलला. पार बांधाच्या टोकापर्यंत, माय. लाललाल होऊन राहिला."

मागची पावलं थांबली म्हणून तिनं वळून पाहिलं. म्हातारीच्या दोन्ही मुठी बांबू धरल्यासारख्या वळल्या होत्या. पहिलं साल सोडलं तर जन्मभर ती पालखीच्या पुढं होती. मागच्या बाईला काय मिळत होतं, ते तिला आज मिळालं.

"माय, तुमी रडून काऊन राहिल्या?"

"मी कायले रडू?" अनुसयाबाई म्हणाली. "चाल. वाट सांग."