पाटावरचा पट्टा

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. चिखलीतली एक गल्ली, गल्लीत दोन खोल्यांचं घर आणि घरात एकटी राहणारी सोजरआजी. तिच्या मनगटावर घड्याळासारखा काळा पट्टा. आजी चालली, बसली, पडली, सगळं तो विजयश्रीताईच्या फोनवर कळवतो. ही ताई एका कॉलेजात संशोधन करते. म्हातारी माणसं आपल्याच घरी धडधाकट कशी राहतील, हा तिचा विषय. त्यासाठी तिला सरकारकडून वर्षापुरता निधी मिळालाय. चिखलीतल्या आज्यांना दिलेले हे पट्टे उपयोगी पडले तरच पुढचा मिळणार.

आजीचा मुलगा नवनाथ चाकणला कंपनीत. तिथेच चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. त्याने आईला बजावलं होतं, "पट्टा हातात आहे तोवर चिखलीत राहा. नाहीतर माझ्याकडे यायचं." आजीला जायचं नव्हतं. इथे भाजीवाली तिला नावाने हाक मारायची, गिरणीवरून दळण ती स्वतः आणायची. म्हणून पट्टा ती झोपतानाही काढत नसे.

खंडेनवमीला मात्र काढला.

सकाळी तिने पाट मांडला. कारखान्यात लेथ चालवणाऱ्या तिच्या वारलेल्या नवऱ्याची, उद्धवरावांची हत्यारं त्यावर ठेवली. पाने, हातोडी, शेजारी घरची विळी. मग तिची नजर मनगटावर गेली. हाही राबतोयच की रोज. तिने पट्टा पुसून पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, ही तिच्या घरची रीत.

दुपारी नवनाथ धापा टाकत दारात आला. मागे त्याची लेक पिंकी आणि विजयश्रीताई.

"आई, फोन का उचलत नाहीस? सकाळपासून तुझी हालचाल नाही म्हणून ताईंनी कळवलं."

"फोन आत चार्जिंगला हाय. मी मागल्या दारी भांडी घासत व्हते."

नवनाथला पाट दिसला. "बास झालं. पिशवी भर, चल."

"तुज्या कंपनीत आज मशीन चालू हाय का रं?"

नवनाथच्या कपाळावर कंपनीतल्या पूजेचं कुंकू तसंच होतं. "मशीन पाय घसरून पडत नाही, आई. तू पडली असतीस तर मला कोण सांगणार होतं?"

 आजी पिशवी शोधायला उठली.

"ताई," पिंकीने विचारलं, "बाकीच्या आज्यांचे पट्टे चालू आहेत?"

विजयश्रीताईने फोन चाळला आणि तिला हसू आलं. "इथले बरेचसे गप्पच आहेत. मला वाटलं, यंत्रणाच बिघडली. आता अहवालात लिहावं लागेल, खंडेनवमीला पट्टे उतरतात, तेव्हा घरात सोबत हवी."

"अहवाल राहू द्या," नवनाथ म्हणाला. "उद्यापर्यंत हिच्यासोबत कोण?"

"मी. मला सुट्टी आहे," पिंकी म्हणाली.

"तू? झोपलीस की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाहीस."

"माज्यावरच गेलीय," आजी म्हणाली.

नवनाथला हसू आवरलं नाही. त्याने आईच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला लावली.

पिंकीने वेणीची रिबीन सोडली. एक टोक आजीच्या मनगटाला बांधलं, पट्ट्याच्याच जागी, आणि दुसरं स्वतःच्या. रात्री काही लागलं तर ही ओढून मला उठव, असं तिने आजीला सांगितलं. मग आजीला तशीच घेऊन ती गिरणीवर दळण आणायला निघाली.