पावणेदोन तास

मनोजनं गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि हात हलवला. अमरावतीच्या विमानतळातून खुशालराव मामा बाहेर येत होते. पांढरा कुर्ता, चाकांची बॅग, कानाला फोन. आत्ता नऊ वाजलेले. अकोल्यात बहिणीच्या, हर्षाच्या, लग्नाचा बारा वीसचा मुहूर्त. शंभरेक किलोमीटर, दोन तास. आरामात पोचतो.

मामांचं लक्षच नव्हतं. ते पलीकडच्या काळ्या गाडीकडं वळले. काचेवर शुभविवाहाचं स्टिकर. तिच्यातून उतरलेल्या दोघांनी त्यांना मिठी मारली, बॅग डिकीत टाकली, आणि गाडी अमरावती शहराकडं निघून गेली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"वापस ये रे बाबू. मामाचा फोन आलता. विमानच नाही निघालं म्हणे मुंबईहून. रडून राहिला होता बिचारा."

मनोजनं उघडा ठेवलेला मागचा दरवाजा लोटला.

"हो," तो म्हणाला. "इथं बी तेच सांगून राहिले."

मूर्तिजापूर आलं तरी त्यानं गाणी लावली नाहीत. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मामांनीच कॅलेंडर मागितलं होतं. पंडितजींनी गुरुवार काढलेला. मामा म्हणाले, गुरुवारी विमान नाही, शुक्रवार धरा. मुंबई-अमरावती पावणेदोन तास, तेवढ्यात तर तुमचं हळद लावणंही होत नाही. सगळे हसले होते. वडील नसलेल्या पोरीला मामानंच मांडवात आणायचं, म्हणून आईनं मुकाट शुक्रवार धरला. त्या काळ्या गाडीवाल्यांचं लग्नही शुक्रवारचंच. हे त्याला आत्ता, एका ट्रकमागं अडकल्यावर कळलं. त्यानं उगाच हॉर्न दाबला.

हॉलवर पोचला तेव्हा हर्षा मुंडावळ्या बांधून बसली होती. आई साड्यांच्या पेटीत काहीतरी शोधत होती.

"विमान रद्द झालं," मनोज म्हणाला.

"सांगितलं आईनं."

तिच्या मांडीवर फोन होता. स्क्रीनवर नकाशा, त्यात अमरावतीवर येऊन थांबलेलं इवलंसं विमान. खाली उतरल्याची वेळ. मनोजनं वाचलं तसा तिनं फोन पालथा घातला आणि आईच्या पाठीकडं बघून मान हलवली. सांगू नको.

तो पालथा फोनच वाजला. मामा. आई म्हणाली, स्पीकरवर टाक.

"बेटा, माहं नशीबच खोटं. मुंबईतच अडकून राहिलो. तुह्या लग्नाले मी नाही, असं कधी..."

"राहू द्या मामा," हर्षा म्हणाली. आवाज अगदी साधा. "जेवून घ्या. पंगत चुकवू नका."

पलीकडून फोन कट झाला.

"मुंबईत कायची पंगत?" आईनं विचारलं.

बाहेर माइकवरून पुकारा सुरू झाला, मुलीच्या मामानं मुलीला मांडवात घेऊन यावं.

"दादा, नत्थुजी काकाले बोलाव," हर्षा म्हणाली. नत्थुजी म्हणजे बाजारात आईच्या शेजारी वीस वर्षं फुलं विकणारा माणूस.

आईनं एकदा हर्षाकडं पाहिलं, एकदा मनोजकडं. मनोजनं नजर खाली घातली. मग तिनं पेटीच्या तळातून भावासाठी आणलेला कोरा फेटा काढला, वरचं प्लास्टिक दातानं फाडलं आणि मनोजच्या हातात दिला.

"नत्थुजीचं डोकं मोठं आहे," ती म्हणाली. "सैल बांधजो."