परग्रहावरून आलेली रिकामी वाटी

"हा मेला होता ना? मग आता चहा काय पितोय?"

तक्रार अगदी हळू आवाजात होती, पण विलासरावांचं तोंड आणि कुमुदिनीचा कान यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं. तिघांच्या सोफ्यावर चौघं बसली की असंच होतं. पलीकडे हेमाताई, म्हणजे विलासरावांच्या पत्नी, आणि अगदी टोकाला, एक पाय जमिनीवर टेकवून कशीबशी तोल सांभाळणारी कुमुदिनीची मुलगी पूर्वी.

"मलाही तेच वाटलं, भाऊजी," कुमुदिनी म्हणाली. "काय दाखवतात, त्यांचं त्यांनाच ठाऊक."

"थांबा, थांबा." पूर्वीने रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि फोन काढला. "पब्लिक काय म्हणतंय ऐका. एक जण लिहितो, 'भाई, ये तो मर गया था ना?' खाली साडेसहाशे लाइक. दुसरी लिहिते, 'मैं तीसरी बार देख रही हूँ, अब भी समझ नहीं आया.' आणि हा लुधियानाचा, म्हणतो की डोकं धरून बसलोय, बायको बाम चोळतेय."

विलासरावांचा चेहरा उजळला. "बघा! सगळे माझ्यासारखेच."

"बिल्कुल, काका," पूर्वी म्हणाली.

मालिकेचं नाव 'दूर के मेहमान'. पानिपतला एका हातमागवाल्याच्या घरात वरच्या मजल्यावर नीरा नावाची एक भाडेकरू येते, ती परग्रहावरची असते, आणि तिच्या लोकांचा काळ उलटा वाहतो. त्यामुळे आज मेलेला माणूस पुढच्या भागात चहा पितो आणि त्याच्या पुढच्या भागात शाळेत जातो. दर रविवारी नवा भाग यायचा आणि गेले सात रविवार दिल्लीत मयूर विहारमधल्या या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर कुमुदिनीच्या घरी ही चौघं तो बघायची. आज आठवा. शेवटचा. त्याआधी सगळं ताजं व्हावं म्हणून पूर्वीने पावणेचारलाच सातवा भाग परत लावला होता.

या मालिकेने कुमुदिनीला थोडी प्रसिद्धीही मिळवून दिली होती. झालं असं, की पाचव्या भागात घरमालकीण, बीजी, नीराला वाटीभर खीर देते. दुसऱ्या दिवशी नीरा वाटी घासूनपुसून, लख्ख करून परत आणते. रिकामी. सगळा उत्तर भारत म्हणाला, किती संस्कारी मुलगी आहे! कुमुदिनी मात्र सोफ्यावरून उठलीच. "रिकामी? शेजारणीची वाटी रिकामी परत केली? अगं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची! ही जाणार. ही कायमची जाणार आणि परत येणार नाही, लिहून घे." पूर्वीने खरंच लिहून घेतलं आणि चाहत्यांच्या पानावर टाकलं: 'माझी आई महाराष्ट्रीय आहे. तिच्या मते शेवट ठरला आहे, कारण वाटी रिकामी आली.' दोन दिवसांत त्यावर अकराशे लोक भांडले. कुणी म्हणालं, हेच खरं. कुणी म्हणालं, आंटीजींना काम नाही. गोरखपूरच्या एका बाईने लिहिलं की आमच्याकडेही रिकामी देत नाहीत, आणि तिच्याबद्दल कुमुदिनीला तेव्हापासून सख्ख्या बहिणीसारखं वाटत होतं.

तिचं तरी काय चुकलं? बावीस वर्षं समोरासमोरच्या दोन दारांमधून वाट्या, पातेली, डबे जात-येत होते आणि एकही कधी रिकामा फिरला नव्हता. कुमुदिनीचा नवरा बदलीच्या नोकरीतला. आधी भोपाळ, मग रायपूर, आता गुवाहाटी. तो सुट्टीत यायचा. बाकीचे दिवस हेमाताई आणि विलासराव यायचे. पूर्वीला डेंग्यू झाला तेव्हा दोन रात्री हॉस्पिटलच्या बाकावर हेमाताई बसल्या होत्या. दहावीचं गणित विलासरावांनी घेतलं. सांख्यिकी खात्यातला माणूस, आकडे त्यांच्याशी गप्पा मारायचे. पूर्वी आज नोएडात जे काही कॉम्प्युटरवर करते, त्याचा पाया या माणसाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर खडूने गिरवला होता.

आणि आता आठ दिवसांनी ही दोघं पुण्याला निघाली होती. कायमची. अनुरागने, त्यांच्या मुलाने, स्वतःच्या फ्लॅटच्या खालचाच फ्लॅट घेतला होता.

"इथली हवा सोसत नाही गं," हेमाताई ज्याला त्याला सांगायच्या. नोव्हेंबर होता, समोरची इमारत दुपारीही धूसर दिसायची. कारण इतकं चोख होतं की त्यावर कुणी शंका घ्यावी तरी कशी? सोसायटीतले लोक माना डोलवायचे, "सही बात है, जी," आणि खोकून दाखवायचे.

हवेचं नव्हतं ते. कुमुदिनीला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. दुधाच्या बूथवर गेलेल्या विलासरावांना गार्ड हाताला धरून घेऊन आला तेव्हा तिने दाराच्या भिंगातून पाहिलं होतं. दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या शर्टांच्या कॉलरच्या आतून काळ्या शाईने फोन नंबर लिहिलेला दिसला होता. हेमाताईंच्या सुबक अक्षरात. पूर्वीलाही माहीत होतं. खालच्या गार्डलाही. पण हेमाताई बोलत नव्हत्या, म्हणून कुणीच बोलत नव्हतं.

ही मालिका लागली ती या अशा दिवसांत, देवासारखी. कारण या मालिकेत कोण कोणाचा कोण, हे पहिल्या भागात कुणालाच कळत नव्हतं, आणि विलासरावांनी "हा कोण?" विचारलं की अख्खा देश त्यांच्या सुरात विचारत असायचा. कुमुदिनीला तिसऱ्या भागातच सगळं उलगडलं होतं. पूर्वीने तर ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर तक्ता काढला होता. पण रविवारी पाच वाजले की दोघी मायलेकी बावळट व्हायच्या. "कोण गं हा?" "काय माहीत, यार!" तो एक तास विलासराव इतरांसारखेच गोंधळलेले असायचे, त्याहून जास्त नाही. ज्या कुणी ही गुंतागुंत लिहिली, त्याचं भलं होवो, असं कुमुदिनी मनात म्हणायची. देवापुढे दिवा लावतानाही एकदा म्हणाली होती.

तरी एक गोष्ट तिला टोचत होतीच. आठ दिवस उरले होते. हेमाताई हे असंच मिटल्या तोंडाने घेऊन गेल्या तर? मग बावीस वर्षांच्या शेजाराला म्हणायचं तरी काय? चांगल्या दिवसांपुरती ओळख? तिला काही फार नको होतं. हेमाताईंनी एकदा सांगावं, एवढंच. म्हणजे मग तिलाही म्हणता आलं असतं, की डेंग्यूच्या त्या दोन रात्री मी विसरलेले नाही, आता माझी पाळी.

आणि त्यात गुरुवारचं ते डब्याचं झालं.

गुरुवारी बेल वाजली. दारात विलासराव, हातात कुमुदिनीचा स्टीलचा डबा. दिवाळीच्या चकल्या भरून दिला होता, तोच. "हेमाने दिलाय," म्हणाले, हसले आणि आपल्या दाराकडे वळले. कुमुदिनीने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. चकलीचा चुरासुद्धा नव्हता.

तिने डबा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. अकराशे लोकांना अर्थ समजावून सांगितलेली बाई, स्वतःच्या ओट्यासमोर मात्र तो अर्थ लावायला तयार नव्हती.

सातवा भाग संपला. शेवटचा लागायला दहा मिनिटं होती. कुमुदिनी चहा टाकायला आत गेली, तशा हेमाताईही मागोमाग आल्या. आलं किसायला घेत, पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"कशा झाल्या होत्या गं वड्या?"

कुमुदिनीचा हात साखरेच्या डब्यात थांबला. वड्या. म्हणजे डबा भरून निघाला होता. या दारातून निघून त्या दारात पोचेपर्यंत, मधल्या सात पावलांत... तिने झटकन तोंड उघडलं.

"मस्त! अगदी मऊ. पूर्वीने तर एका बैठकीत संपवल्या. नारळ किती ताजा लागत होता, हेमाताई!"

किसणी थांबली.

"आल्याच्या होत्या," हेमाताई म्हणाल्या. "घशाला बऱ्या म्हणून केल्या होत्या. या हवेत."

चहा उकळून वर आला. कुमुदिनीने गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, पुन्हा बारीक केला. हेमाताई वळल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. दमलेल्या माणसाने जिन्यात टेकावं आणि वरून कुणीतरी बघावं, तसं काहीतरी होतं. त्यांना कळलं होतं, की कुमुदिनीला कळलेलं आहे. कुमुदिनीला कळलं, की त्यांना ते कळलंय. आता बोलायला हवं होतं. कुणीतरी एकीने.

"चहात वेलची घालू?" हेमाताईंनी विचारलं.

"घाला ना," कुमुदिनी म्हणाली.

"आई! मावशी! चलो, सुरू होतंय!" बाहेरून पूर्वी ओरडली.

शेवटचा भाग सुरेख होता, त्यात वाद नाही. नीरा गेली. मोठं यान नाही, लखलखाट नाही. पहाटेच्या धुक्यात पानिपतच्या एका गच्चीवर वाळत घातलेल्या सतरंज्यांमधून चालत गेली आणि शेवटच्या सतरंजीपलीकडे पोचलीच नाही. बीजी गच्चीवर येऊन सतरंज्या गोळा करते आणि स्वतःशीच म्हणते, "धूप तो निकली नहीं, सूखेंगी कैसे." बस्स. संपलं.

हेमाताईंनी पदराने नाक पुसलं. विलासराव म्हणाले, "ही पोर गेली कुठे?" आणि कुमुदिनी सवयीने म्हणाली, "कोण जाणे बाई."

"आई, तू जिंकलीस!" पूर्वीचा अंगठा फोनवर धावत होता. "सगळे लिहितायत, वाटीवाल्या आंटीजींना साष्टांग. गोरखपूरवाल्या काकूंनी तर फुलं पाठवलीयत, फोनमधली. आणि... अरे यार! थांबा. लेखिकेने स्वतः उत्तर दिलंय."

"काय म्हणते?" कुमुदिनी सरसावून बसली.

पूर्वीने वाचलं. "'आंटीजींना सादर प्रणाम. तुमचा अर्थ माझ्या अर्थापेक्षा सुंदर आहे, म्हणून खरं सांगायला लाज वाटते. स्क्रिप्टमध्ये वाटीत गूळ होता. शूटिंगच्या दिवशी वाटीत गूळ ठेवायचाच राहिला. काही अर्थबिर्थ नव्हता. माणूस आहे, विसरतो.'"

पूर्वी हसतहसतच वाचत होती. शेवटचा शब्द तिच्या तोंडातून गेला आणि मग तिने जीभ चावली.

कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत होतं. त्यावरचा दिवा लाल होता. हेमाताई चटकन म्हणाल्या, "आज फारच वाईट आहे नाही हवा?"

"हो ना," कुमुदिनी म्हणाली. "सकाळपासून डोळे चुरचुरतायत."

"मास्क लावूनच निघा हं पुण्याला," पूर्वी म्हणाली. "म्हणजे इथून स्टेशनपर्यंत."

"आणि पुण्यात काय, एकदम मोकळं," हेमाताई म्हणाल्या. "अनुराग सांगत होता, खिडकीतून टेकडी..."

"हेमा," विलासराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण गेल्या वर्षभरात त्यांनी कुणाचं बोलणं असं मध्येच थांबवलं नव्हतं. हेमाताई थांबल्या.

"आल्याच्या वड्या होत्या," ते म्हणाले. "सोळा. डबा घेऊन मी खाली बागेत गेलो. कुणाला द्यायचा ते आठवेना. बसलो. बसल्या बसल्या सगळ्या खाल्ल्या. घसा असा पेटला म्हणता!" ते स्वतःच थोडं हसले. "मग डब्यावरचं नाव वाचलं. कुमुदिनी. तेव्हा वर आलो."

"अहो, असू दे," हेमाताई म्हणाल्या. त्यांचा हात विलासरावांच्या गुडघ्यावर गेला. "कशाला आता ते?"

"असू दे कसं? या पोरीला काल रात्री फोनवर मैत्रिणीला सगळी गोष्ट सांगताना ऐकलं मी, जिन्यात. कोण कुणाचा कोण, फटाफट." त्यांनी पूर्वीकडे पाहिलं, मग कुमुदिनीकडे. "तुम्हाला सगळं कळत होतं. पहिल्यापासून. तरी दर रविवारी माझ्या शेजारी येडं होऊन बसलात."

कुमुदिनीने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते तिलाही सांगता आलं नसतं. हेमाताईंनी तिचा हात कधी धरला, तेही तिला कळलं नाही. पण धरला होता, घट्ट, बोटं दुखावीत इतका.

"हवाबिवा काही नाही, कुमुद," विलासराव म्हणाले. "मला विसरायला होतंय. म्हणून चाललोय आम्ही. डॉक्टर म्हणाले, नावं आधी जातात. तुझंही जाईल. म्हणून आठवतंय तोवर सांगून ठेवतो, फार केलंत तुम्ही आमचं."